झाकली मूठ

विद्यापीठाच्या देखभाल विभागाच्या मुकादमांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. प्राध्यापक मंडळी त्यांना झाकणराव म्हणत, आणि तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. मुकादमांना राग येत नसे. उलट आत कुठेतरी गुदगुल्याच होत. झाकणं ही त्यांच्या लेखी कला होती, आणि त्या कलेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

भिंतीला ओल आली की तिथे नकाशा. फरशी फुटली की तिच्यावर कुंडी. खुर्चीचा पाय मोडका असला तर खुर्ची भिंतीला टेकून, आणि कुणी चुकून बसू नये म्हणून तिच्यावर जाडजूड पुस्तकं. विद्यापीठाला दर्जा ठरवून देणारी मंडळी तपासणीला यायची तेव्हा तर मुकादमांना चार हात फुटत. पाहुणे चहा पीत असताना एका विभागातले तराजू मागच्या जिन्याने दुसऱ्या विभागात जात आणि दोन्हीकडे हजर असत. वरचा दर्जा मिळे, कुलगुरू पाठ थोपटत, आणि मुकादम घरी येऊन सगळं तिखटमीठ लावून सांगत.

"अहो, लोकांना फसवून आलात आणि वर तोंड करून सांगताय?" बायको म्हणे.

"फसवलं कुठे? घरचं घरात ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

त्यांची एकुलती एक लेक त्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला लागली, आणि मुकादमांचा ऊर भरून आला. ते स्वतः शाळेच्या पुढे गेले नव्हते. आपण रंगवलेल्या जिन्यावरून लेक वह्या छातीशी धरून चढते, हे बघायला ते उगीचच त्या बाजूचा नळ तपासायला जात. फी सरकारी अनुदानामुळे कशीबशी त्यांच्या पगारात बसत होती. ओढाताण होई, पण बसत होती.

मग अनुदान दर वर्षी आटत गेलं. यंदा सरकारने कळवलं, समिती येऊन परिस्थिती बघेल आणि मग पैशांचं काय ते ठरेल. कुलगुरूंनी मुकादमांना बोलावून घेतलं.

"या वेळी काही झाकायचं नाही. छत गळतंय, गळू दे. नळाला पाणी नाही, नसू दे. त्यांना दिसलं पाहिजे. पैसे नाही मिळाले तर फी वाढवण्यावाचून माझ्यापुढे दुसरा रस्ता नाही. कळलं?"

"कळलं, साहेब."

कळलं होतंही. पण समिती येण्याच्या आदल्या दुपारी ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. छताला पिवळे डाग, खाली बादल्या मांडलेल्या, कोरड्या बेसिनमध्ये मेलेलं झुरळ. उद्या इथे परकी माणसं येणार, नाकाला रुमाल लावणार, आणि त्या बादल्यांच्या मधे पांढरा कोट घालून आपली पोर उभी असणार! मुकादमांचे कान तापले. पाहुणे वेगळे आणि सरकार वेगळं, हे त्यांच्या डोक्याला पटलं होतं, हाताला पटेना.

थोडंसंच करू, म्हणून त्यांनी झुरळ काढलं. मग बेसिन घासलं. बेसिन लखलखल्यावर छताचे डाग फारच डोळ्यांत भरायला लागले, म्हणून चुना फिरवला. बादल्या हलवल्या. सकाळी माणसं लावून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवलं, शेजारच्या विभागातले तराजू ओळीने मांडले, आणि इस्त्रीचा गणवेश घालून दारात उभे राहिले.

समितीबरोबर आलेले कुलगुरू दारातच थबकले. "हे... हे रोज असं नसतं बरं का," ते घाईघाईने म्हणाले.

"हा तुमचा विनय," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

समितीतल्या एक चष्मेवाल्या बाई मुकादमांच्या लेकीजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलल्या. लेकीने मान डोलावली, नळ सोडून दाखवला. पाणी आलं. बाई समाधानाने पुढे गेल्या. मुकादमांना त्या दिवशी दुपारचं जेवण फार गोड लागलं. माणूस किती मूर्ख असू शकतो, याला काही मर्यादा नसते.

अहवाल आला. संस्था सुस्थितीत आहे, आता स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, असं त्यात म्हटलं होतं. अनुदान कापलं गेलं. कुलगुरू ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "झाकणराव, बरीच मेहनत घेतलीत." त्या नावाने त्या दिवशी गुदगुल्या झाल्या नाहीत.

फी अशी वाढली, की मुकादमांचा पगार तिच्यापुढे खुजा दिसायला लागला. व्हरांड्यात मुलं घोळका करून बोलत, "कुठल्या शहाण्याने रंगरंगोटी केली होती रे?" मुकादम तेव्हा शिडीवर असत आणि भिंतीकडे तोंड करून राहत. नळ तपासायला जाणं त्यांनी सोडलं. लाज अशी वाटत होती, की चहाच्या टपरीवर जायचं म्हटलं तरी ते लांबच्या वाटेने जात.

अखेर एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, मी औषधाच्या दुकानात काम धरलंय. शिक्षणाचं बघू पुढे कधीतरी." आणि तिने खुंटीवरचा पांढरा कोट काढला.

मुकादमांना राहवेना. "पोरी, हे माझ्यामुळे झालं. साहेबांनी बजावलं होतं, काही झाकू नका म्हणून. मीच ऐकलं नाही."

बायको पोळी लाटता लाटता थांबली. मुकादम मान खाली घालून बसले. पोरीने वाट्टेल तसं बोलावं, ओरडावं, अशी त्यांची इच्छा होती.

"मला तेव्हाच कळलं होतं, बाबा," लेक म्हणाली. "त्या चष्मेवाल्या बाईंनी मला विचारलं होतं, 'खरं सांग, इथे रोज असंच असतं का?'"

"मग?"

"मी म्हटलं, हो, असंच असतं."

"अगं, पण का? एवढं सगळं तुला ठाऊक असताना?"

"तुम्ही दारात उभे होतात. इस्त्री केलेले कपडे घालून. किती खूश दिसत होतात! तुमच्या देखत तुम्हाला उघडं कसं पाडणार होते मी?"

लेकीने कोट मांडीवर घेतला, सारखा केला आणि त्याची घडी घालायला लागली. बाहीला ॲसिडने पडलेलं भोक तिने नेमकं आतल्या बाजूला घेतलं, वरून हात फिरवला, आणि कोट नवा दिसायला लागला. अशी घडी घालायला तिला लहानपणी मुकादमांनीच शिकवलं होतं.