वरच्या खडकावरची जात

नागपुरात राहून समुद्रातल्या जिवांवर पीएचडी करणारीला लोक हसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. आमच्या फुटाळा तलावाहून मोठं पाणी मी पंचविशीपर्यंत पाहिलं नव्हतं. माझा विषय लिंपेट, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाला घट्ट चिकटून राहणारी, बसक्या टोपीसारख्या शिंपल्याची छोटी गोगलगाय. हिच्या जवळच्या जाती डोळ्यांना सारख्याच दिसतात, फरक कळतो तो डीएनएवरून. पिल्लं काही दिवस पाण्यासोबत वाहतात आणि खडक मिळेल तिथे बसतात. मधे एखादी अडचण आली, पिल्लं पलीकडे पोचेनाशी झाली, की दोन्हीकडची घराणी वेगळी होत जातात आणि फार काळाने एकीच्या दोन जाती होतात.

माझ्या नमुन्यांतून नेमकं हेच निघालं होतं. रत्नागिरीकडे एक जात, मालवणकडे दुसरी. एकीकडची एकही दुसरीकडे नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडम विभागात भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. बाबांनी तर हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जाहीर केलं होतं, की पोरीने समुद्रात भिंत शोधली. प्रबंध देण्याआधीच्या सेमिनारला ते सुट्टी टाकून येणार होते.

आदल्या दुपारी मी स्लाइडसाठी फोटो निवडत बसले. रत्नागिरीच्या फोटोत पाणी खडकांच्या निम्म्यापर्यंत चढलेलं, वरचा खडक कोरडा. मालवणच्या फोटोत ओलं शेवाळ, आणि समुद्र कुठे लांब मागे. मी फोटोंच्या वेळा काढल्या, त्या दिवसांचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. रत्नागिरीचे सगळे नमुने मी भरतीत, वरच्या खडकांवरून घेतले होते. मालवणचे ओहोटीत, अगदी खालून. कदाचित दोन्ही जाती दोन्हीकडे होत्या, एक वर राहणारी आणि एक खाली. मग भिंत कसली?

किनाऱ्यावर वाढलेल्या कुणाकडूनही ही चूक झाली नसती. आम्ही पाणी पाहून नाही, घड्याळ पाहून गेलो होतो. नाश्ता करून दहाला, ऑफिसला जावं तसे. रत्नागिरीला बाबा सोबत होते आणि त्यांनी मला खाली उतरूच दिलं नाही. मालवणला त्यांना ताप आला, ते खोलीवर झोपले, आणि मी एका कोळणीच्या मागोमाग ती नेईल तिथे गेले.

मॅडमना फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नव्हतं. मला गप्प बसायचं होतं, हेही खरं आहे. तीन वर्षं गेली होती, फेलोशिप संपत आली होती आणि मला स्वतःचा भयंकर राग येत होता.

सेमिनारला बाबा शेवटच्या रांगेत बसले, इस्त्रीच्या शर्टात. नकाशाची स्लाइड आली. त्यावर दोन किनारे दोन रंगांत रंगवलेले. मी म्हणाले, हा निष्कर्ष टिकत नाही, आणि कारण सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला.

“रत्नागिरीला खाली का उतरली नाहीस?”

“मला भीती वाटली,” मी म्हणाले.

पुन्हा दोन्ही किनाऱ्यांवर, वरपासून खालपर्यंत नमुने घ्यायचे, असं ठरलं. म्हणजे निदान आणखी एक वर्ष. बाहेर व्हरांड्यात बाबा उभे होते. विज्ञान त्यांना किती कळलं कोण जाणे, पण माझं उत्तर त्यांनी ऐकलं होतं.

“काहून खोटं बोलली वं? भेव तं मले लागलं होतं.”

मी म्हणाले, प्रबंध माझा आहे, चूकही माझीच. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही. मला बाजूला सारून ते परत आत गेले, माणसं खुर्च्या सरकवत होती त्यांच्यामधून वाट काढत थेट मॅडमच्या टेबलापाशी.

“मॅडम, पोरीची चूक नाही,” ते म्हणाले. “मले पोहता येत नाही. ती पाण्यात पडली असती तं मी तिले काढू शकलो नसतो. म्हून मीच तिले खाली जाऊ देल्लं नाही.”