तांडेलची ओहोटी

तांडेलनं कधी कुणाला किती वाजले हे विचारलं नाही. तो तिथी विचारायचा. अष्टमी म्हटलं की अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचा आणि सांगायचा, "म्हंजे पाणी आता उतरायला लागलं." सफाळ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिथून समुद्र दिसतही नव्हता, तरी त्याच्या गावच्या, दातिवऱ्याच्या खाडीत त्या घडीला किती पाणी आहे, हे त्याला बाकावर बसून ठाऊक असायचं.

खरा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याचा बाप. पण जमिनीवरही हाच हुकूम सोडायचा, म्हणून आम्ही यालाच तांडेल म्हणायचो. मॅट्रिकच्या आधीच शाळा सोडून तो बोटीवर गेला. मी शिकत राहिलो. भातशेती करणाऱ्या आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर, आणि हे मी आजही मान वर करून सांगतो. तांडेलला त्याचं कौतुक होतं, पण ते तो वाकड्या तोंडानं करायचा. "बीएस्सी, तुमच्या पुस्तकात मासे कंच्या पानावर असतात रे?"

पदवी मिळाली त्या वर्षी मला तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर कचेरीत नोकरी लागली होती. रुजू व्हायला महिना होता. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, म्हणजे तांडेलही मोकळा. येत्या नारळी पुनवेला बापाच्या बोटीचं सुकाणू त्याच्या हाती येणार होतं. "एकदा सुकाणू हातात आलं की मी कुठला येतो? आताच काय दाखवायचं ते दाखव," म्हणाला. मी दाखवायला नेलं पार उत्तरेच्या बर्फाळ डोंगरांत, लाहौलला. रोहतांग खिंडीपलीकडं पाऊस पोचत नाही, असं कॉलेजात ऐकलं होतं, ते मला पाहायचं होतं.

पाठीवर खाकी पिशव्या, त्यात तांदूळ, स्टोव्ह आणि त्याच्या आयेनं बांधून दिलेले सुके बोंबील. खिंड उतरलो आणि झाड संपलं. नुसते उघडे, तांबूस डोंगर, ओठ फाटतील असा वारा. मी पाहतच राहिलो. तांडेल कमरेवर हात ठेवून चौफेर बघत म्हणाला, "आयला, काय जागा वाया घालवली हाय! हितं बोंबील एका दिसात वाळंल. माशी नाय, पाऊस नाय!"

वाटेत एक नाला होता. सकाळी आठला गुडघाभर पाण्यातून तो ओलांडला. तांडेलनं पेरं मोजून वेळ मनात ठेवली. पुढच्या वस्तीत एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या घरी चार दिवस राहिलो, कारण त्या उंचीवर माझं डोकं ठणकत होतं आणि दहा पावलांवर दम लागत होता. तिथवर दोन्ही पिशव्या तांडेलनंच वाहिल्या. शेवटच्या संध्याकाळी चुलीभोवती सगळे बसले असताना त्यानं माझी नक्कल केली. छाती धरून धापा टाकत, डोळे पांढरे करत. "बीएस्सी झाला, पण याला अजून श्वास घ्यायला शिकवला नाय!" भाषा कळत नसूनही घरातल्या बायका तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसलो. आत मात्र काहीतरी कडू झालं.

निघायच्या सकाळी तांडेल अंगणात पिशव्या बांधत होता. म्हाताऱ्यानं मला बाजूला घेतलं. डोंगरावरच्या बर्फाकडं, मग सूर्याकडं बोट करून म्हणाला, "धूप चढने से पहले नाला पार कर लेना." मला लगेच उमगलं. ऊन चढलं की बर्फ वितळणार आणि पाणी वाढणार. तिथं चंद्राचा काही संबंध नव्हता.

"म्हातारा काय बोलला रे?" तांडेलनं विचारलं.

"काय नाय. सांभाळून जा म्हणतो."

तांडेलनं पेरं मोजली. "पाणी रोज दोन घटका, पाऊण तासावर, पुढं सरकतं. जाताना आठला उतरलेलं, पाच दिस झाले. म्हंजे आज बाराला ओहोटी. भात खाऊन निघू, घाई कसली?"

मी म्हणालो, "तू म्हणशील तसं."

एवढंच हवं होतं मला. नाल्याशी जाऊन त्यानं चूक बघावी, तोंड पाडावं आणि मी बर्फाचं शास्त्र सांगावं. बाराला पोचलो तेव्हा नाला गढूळ होऊन धडधडत होता, तळाशी दगड गडगडत होते. तांडेल काठावर थांबला. "हे काय उलटंच पाणी हाय," पुटपुटला. तो परत फिरला असता. पण मी म्हणालो, "काय तांडेल, कुठंय तुझी ओहोटी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि काठी टेकत पाण्यात उतरला.

मधोमध गडगडत आलेल्या धोंड्यानं त्याचा घोटा चेचला. पलीकडच्या मेंढपाळांनी दोर टाकून त्याला ओढला. खेचरावरून तीन दिवस खाली आणला. घोटा वाकडाच सांधला. हलत्या बोटीत त्या पायावर उभं राहता येईना. नारळी पुनवेला सुकाणू धाकट्या भावानं धरलं.

गावी पोचल्यावर त्याची आय मला विचारायच्या आधी तोच म्हणाला, "यानं सांगितलं होतं मला, आये. मीच ऐकलं नाय." म्हातारीनं डोळे पुसले आणि गावभर सांगितलं, शिकलेल्याचं ऐकावं. तो मान मी मान खाली घालून घेतला. पण घेतला.

पुढं तारापूरच्या कामावर मीच शब्द टाकून त्याला फाटकावर पहारेकरी म्हणून लावलं. तो कामाजवळच, सालवडला खोली घेऊन राहिला. मला चारचौघांत 'साहेब' म्हणायचा. एका सकाळी फाटकाशी आम्ही दोघेच होतो. नाल्याबद्दल म्हातारा खरं काय म्हणाला होता, ते मी सांगून टाकलं.

तो वहीत गाड्यांच्या वेळा लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यानं सूर्याकडं बोट केलेलं मी बघितलं होतं. म्हणून तर तुला विचारलं. तू 'काय नाय' बोललास, म्हंजे काय नाय."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आज तिथी कुठली रे?"

त्यानं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. "आठ पस्तीस," म्हणाला, आणि माझ्यासाठी फाटक उघडलं.