गार्डसाहेब आणि जोडनावं

दोन नावांची कुठलीही पाटी दिसली की गार्डसाहेब थांबत आणि विचारत, "यात कोनी कोनाला गिळलं?" मग ती पाटी पतसंस्थेची असो, मंगल कार्यालयाची असो की जीपच्या काचेवरची. हिंगोलीतल्या एका कापड दुकानदाराने त्यांना भाबडेपणाने सांगितलं की दुकान दोघा साडूंचं आहे आणि दोघे गुण्यागोविंदाने धंदा करतात. गार्डसाहेबांनी टॉवेल घेतला, गल्ल्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पाटीवर दोघं हायेत, गल्ल्यावर एकच हाय." पुढच्या दिवाळीपर्यंत पाटीवरही एकच राहिला.

हा नाद त्यांना रेल्वेने लावला. हिंगोलीवरून छोटी लाइन जायची त्या काळात ते पॅसेंजरचे गार्ड होते. ट्रेनिंगमधल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्यांना अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या त्यांनी जन्मभर पुरवल्या. तिकडे म्हणे कंपनी निघतानाच दोन टोकांच्या गावांची नावं घ्यायची. रूळ दुसऱ्या गावाला पोचायच्या आधीच पैसे संपायचे, पण नाव पोचलेलं असायचं. मग कर्ज काढून ती शेजारच्या कंपनीला विकत घेई आणि त्या कंपनीचं नाव आपल्या शेपटीला जोडी. असं करत करत नाव मालगाडीएवढं लांबलं की लोक नुसती आद्याक्षरं म्हणत. कधी छोटी कंपनी मोठीला विकत घेई आणि नाव मात्र मोठीचंच लावी, कारण बाजारात ओळख तिची. आणि दोघीही ताठ असल्या तर दोन्ही नावं टाकून देऊन तिसरंच काहीतरी काढत. आपल्याकडचंही ते सांगत. आधी निजामाची गाडी होती, मग सरकारची झाली, मग तिला दिशेचं नाव मिळालं. त्यांचे वडील त्याच लाइनीवर गँगमन होते. ते मरेपर्यंत निजामाची गाडीच म्हणत आले आणि गाडीनेही कधी हरकत घेतली नाही.

हे सगळं मला ठाऊक, कारण मी त्यांच्या घरात वाढलो. माझे वडील खिल्लारे. शिरड शहापूरला गवंडीकाम करायचे. विहिरीचं बांधकाम चालू असताना कडा ढासळली आणि ते गेले. पुढे आईने गार्डसाहेबांशी, म्हणजे पाईकरावांशी, विहारात साधेपणाने लग्न केलं. त्यांची पहिली बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा शाळेत जायच्या वयाचा. आम्हाला हिंगोलीला नेताना बसमध्ये त्यांनी कंडक्टरला विचारलं की शिरडने शहापूरला गिळलं की शहापूरने शिरडला. कंडक्टर म्हणाला, ते कोणालाच माहीत नाही. गार्डसाहेब खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग गिळलं न्हाई. दोघं शेजारी बसले." हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मला ते अजिबात कळलं नव्हतं.

शाळेत घालताना हेडमास्तर म्हणाले, पाईकरावच लावून टाकू, लेकराला पुढे तकलीफ नको. आईचंही तेच मत होतं. गार्डसाहेब ऐकेनात. "लेकरू खिल्लाऱ्याचं हाय," ते म्हणाले. "मी जोडल्या गेलो, विकत न्हाई घेतलं." त्यांच्या थोरल्या भावाने यावरून त्यांना पुष्कळ सुनावलं. पोसायचं तू आणि नाव दुसऱ्याचं, असा त्याचा हिशेब. गार्डसाहेबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

ते काही लाड करणारे नव्हते. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं त्यांना जमत नसे आणि मला त्याचं कधीकधी वाईट वाटे. मी त्यांना काका म्हणायचो, त्यांनी त्यात बदल सुचवला नाही. पण माझ्या वडिलांचा फोटो त्यांनी स्वतः मोठा करून आणला आणि बैठकीत लावला. सुट्टीच्या दिवशी ओल्या फडक्याने ते त्याची काच पुसत. आई एकदा म्हणाली, एवढं काय त्यात. ते म्हणाले, "ड्रायव्हरला म्होरलं दिसते. गार्ड मांगं बसते, त्याला गेलेलं दिसते." त्यांचा स्वतःचा फोटो घरात नव्हता.

आयटीआयला जायच्या सुमारास मीच विषय काढला. गार्डसाहेबांच्या थोरल्या भावाला मुलीच, यांना कोणी नाही, पाईकराव हे नाव यांच्याबरोबर संपणार, हे आईने मला कधीचं सांगितलं होतं. जेवताना मी म्हणालो, मी तुमचं नाव लावतो. ते भाकरी मोडत राहिले.

"तू काहून असं म्हणून राहिला?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मला वाटतं म्हणून.

"तुझा बाप गेला, त्याची लाइन बंद न्हाई पडली. तू हायेस न. मी माझं नाव घातलं, तर उद्या लोक मलाच विचारतील, कोनी कोनाला गिळलं."

एवढं बोलून त्यांनी हात धुतला. विषय संपला. मात्र गल्लीतला पोस्टमन मला 'पाईकरावांचं पोरगं' म्हणून हाक मारायचा, आणि सगळ्या जगाला दुरुस्त करणाऱ्या गार्डसाहेबांनी त्याला एकदाही दुरुस्त केलं नाही. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

पुढे मी सेनगावला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. पाटी रंगवून घेतली, पण घरी सांगितलं नाही. उद्घाटनाला आई आणि ते जीपने आले. उतरून त्यांनी वर पाहिलं. 'खिल्लारे पाईकराव मोटार रिवायंडिंग.' मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिलो, खरं सांगायचं तर घाबरलोच होतो.  त्यांनी सवयीप्रमाणे आत डोकावून गल्ला पाहिला. तिथे मी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. ते एकीवर जाऊन बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, बराच वेळ पुसत राहिले, आणि म्हणाले, "बराबर हाय." त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. त्यानंतर तब्येत बरी असली की जीपने येत आणि त्याच खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना अमेरिकेतल्या कंपन्यांच्या गोष्टी सांगत. जळकी मोटार घेऊन आलेल्या माणसाला त्यात काय रस असणार, पण ऐकत बिचारे.

गेल्या उन्हाळ्यात गार्डसाहेब गेले. बैठकीत आता दोन फोटो आहेत आणि दोन्ही काचा मी पुसतो. मला त्यांची फार आठवण येते. दुकानातली त्यांची खुर्ची आहे तिथेच आहे, गिऱ्हाईक आलं की तिच्यावर बसतं. नवा माणूस असला तर वर पाटी वाचून विचारतो, तुमच्यातले पाईकराव कोण? मी सांगतो, मीच. मग खिल्लारे कोण, असं तो विचारतो. तोही मीच.