गार पाण्यात जाणारा डाग

“हिमोग्लोबिन पाच,” मिस्टरांचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवत डॉक्टर म्हणाले. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग. पुरुषाचं तेरा तरी हवं. “बेन, इतने महीनों से खून जा रहा है, आपको पता नहीं चला?”

मी नाही म्हणाले. ते अर्धंच खरं होतं.

माझे मिस्टर सुरतेत बमरोलीच्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर आहेत. बारा तास उभं राहायचं, आणि मशीन सोडून जावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायचं. त्यातून मूळव्याध झाली. डॉक्टरला दाखवायची त्यांना लाज, आणि मला माझ्या लेपाची घमेंड. झेंडूच्या पानांचा रस, हळद आणि एरंडेल. कृती माझ्या अमळनेरच्या आईची. उधन्यातल्या आमच्या गल्लीतल्या चार बायका तो माझ्याकडून डबी भरून न्यायच्या.

लेपाने दोन दिवसांत आग थांबली, खाज गेली. मी फुशारून गेले.

मग त्यांच्या कपड्यांवर लाल डाग दिसायला लागले. “रगत तं नही ना?” मी विचारलं. “नही वं, मिलना रंग शे,” ते म्हणाले. पटण्यासारखंच होतं. ओल्या ताग्यांवर टेकतात, रंग आतल्या कपड्यापर्यंत झिरपतो. मी डाग गार पाण्यात भिजवायचे, थोड्या वेळात ते निघून जायचे. मला बरं वाटायचं.

पुढे जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. चेहरा पिवळट झाला. मी बीट खाऊ घातलं आणि लेप दोनदा लावायला सांगितला. एक दिवस ते मिलमध्येच चक्कर येऊन पडले.

रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून मोठं आतडं बघणं. असं रक्त कॅन्सरमुळेही जातं, म्हणून ती करायचीच, असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकावर बसून होते. तिथे माझ्या लक्षात आलं: मिलचा रंग गार पाण्यात कधीच जात नाही. वीस वर्षं मी तो घासते आहे. गार पाण्यात जातं ते रक्त. वयात आले तेव्हाच आईने शिकवलं होतं. माझ्या हातांना सगळं कळत होतं, मीच कळू दिलं नाही. माझा लेप खोटा पडायला नको होता मला.

कॅन्सर नव्हता. इंटर्नल पाइल्स होते, म्हणजे आतले कोंब. “लेप बाहर ठंडक देता है, बेन. खून अंदर से आता है,” डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. मला कोणी बोललं नाही. उलट हेच म्हणाले, “मीच खोटं बोलनू.” ते ऐकून मला जास्तच लागलं.

घरी आल्यावर त्या चारही बायकांकडे जाऊन मी माझी चूक सांगितली. तुम्हालाही तेच सांगते. लेपाने आराम पडतो, पण आराम पडला म्हणजे आजार गेला असं नाही. रक्त दिसलं तर आधी तपासून घ्या.

मागच्या आठवड्यात हे कामावर परतले. पहिल्याच दिवशी पँटला मागे लाल डाग. मी बादलीत गार पाणी घेतलं, पँट भिजवली आणि शेजारीच बसून राहिले. मग घासली, पुन्हा घासली. डाग जरासुद्धा फिका झाला नाही.

मी बादलीपाशी बसून पोटभर रडले, आणि ती पँट तशीच दोरीवर वाळत टाकली.