झाडाखालचं छप्पर

आमचे हे अकरा वर्षं नगर कार्यालयात नकाशे काढतात. विमानातून घेतलेलं शहराचं चित्र संगणकावर मोठं करायचं आणि एकेका छपराच्या कोपऱ्यांवर टिचक्या मारत भोवती रेघ फिरवायची. पाण्याच्या लाइनी, घरपट्टी, नवे रस्ते, कुठे कोणतं दुकान चालेल, सगळं त्या रेघांवर ठरतं म्हणे. यांची मान आता एका बाजूला वळत नाही, आणि जेवतानाही बोट ताटाच्या काठावर टिचक्या मारत असतं. वन्सं म्हणायच्या, "अरे, जगाच्या घरांना कुंपणं घालतोस, स्वतःच्या दाराची कडी तेवढी बसव." हे नुसते हसायचे.

सोमवारी वन्सं कागद घेऊन आल्या. त्यांच्या गल्लीतून मोठा रस्ता जाणार. ज्यांचं घर नकाशात आहे, त्यांना दुसरं घर. वन्संच्या जागेपुढे लिहिलं होतं, झाडी, बांधकाम नाही.

"तीस वर्षं मी काय फांदीवर राहते का रे?" त्या यांना म्हणाल्या. "सांग की तुझ्या ऑफिसात."

दुसऱ्या दिवशी यांनी त्या गल्लीच्या नकाशाचा तक्ता उघडला. खाली काढणाऱ्याची खूण यांचीच. वन्संच्या घरावर मोठ्या झाडाचा पसारा आहे, वरून नुसता हिरवा गोळा. हजारदा त्या दारातून आत गेलेला माणूस, पण घर वरून कधी पाहिलंच नव्हतं. तक्त्यांना नंबर असतात, नावं नसतात. यांनी हिरवं पाहिलं, हिरवं भरलं आणि पुढे गेले.

ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "हरकतीची मुदत संपली. 'चूक माझी' असं तुम्ही लिहून द्या, वर पाठवते. घर मिळणाऱ्यांची यादी पुन्हा उघडेल याची खात्री नाही. तुमची नोकरी जाईल, त्याची आहे."

घरी येऊन यांनी मला विचारलं, "काय करू?"

मी देवाचं नाव घेत बसले होते. खरं तेच लिहिते. त्या वेळी मी देवाजवळ वन्संचं घर मागितलं नाही, यांची नोकरी मागितली. आणि तोंडाने म्हणाले, "तुमच्या मनाला पटेल ते करा."

बुधवारी यांनी लिहून दिलं. गुरुवारी यांना घरी बसवलं. यादीचं विचारलं तर उत्तर आलं, बघू. शुक्रवारी गल्लीच्या टोकाकडून घरं पाडायला सुरुवात झाली.

आज आम्ही गेलो, तेव्हा वन्सं पोत्यात भांडी भरत होत्या. हे दारातच थांबले.

"अक्का, तो नकाशा मी काढला. मीच."

वन्संनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"घर दिसलं नाही तुला?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "कपाटाची ती बाजू धर."

मी पुढे झाले, तर म्हणाल्या, "तू राहू दे. बाहेरच्या सामानापाशी थांब." मी रस्त्यावर पोत्यांजवळ उभी राहिले. यंत्रं चार घरांवर येऊन ठेपली होती, आणि देवाजवळ आता काय मागावं, ते मला सुचेना.