अबायनाकाकूची लाल वेणी

आमच्या दूनीन गावचे कोळी वादळाला भीत नसत, ते माझ्या अबायनाकाकूच्या केसांना भीत. केस शिजलेल्या खेकड्यासारखे लाल होते. बोटीकडे जाताना लाल केसांची बाई आडवी आली की मुकाट्याने घरी परतायचं, हा आयर्लंडच्या आमच्या किनाऱ्याचा कायदा. पोपलाही तो बदलता आला नसता. म्हणून बोटी सुटेपर्यंत काकूने दाराआड बसायचं. काका गुत्त्याच्या पायरीवरून घसरून मेला, त्याचंही खापर तिच्या केसांवर फुटलं. तो गुत्त्यातून काय पिऊन निघाला होता, ते कुणी विचारलं नाही.

या कायद्याचा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे आमचा बाप, कॉर्नी काहालन. काकूचा थोरला दीर, आणि गावच्या बचावाच्या होडीचा तांडेल. काकू लग्न होऊन गावात आली तेव्हापासून तो तिच्या बुटांशीच बोलत आला होता.

१९१५ च्या मे महिन्यातली गोष्ट. शुक्रवारी दुपारी काकू सुटलेली बकरी शोधत कड्यावर गेली. लख्ख ऊन होतं आणि पाण्यावर साधी सुरकुती नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत अमेरिकेहून येणारं भलंमोठं जहाज कललं आणि बघता बघता बुडालं. हे जर्मन पाणबुडीचं काम, हे आम्हाला मागाहून कळलं. बकरी गेली खड्ड्यात म्हणून काकू धावत सुटली. डोक्याचा रुमाल वाटेत कुठेतरी पडला.

धक्क्याच्या वळणावर पुरुष खांद्यावर जाळी टाकून बांगड्याला निघाले होते. काकू समोर दिसली मात्र, सगळेच्या सगळे जागच्या जागी वळले आणि घराकडे चालू लागले. मी दारात बटाटे सोलत होते, सगळं पाहिलं.

"अरे थांबा, जहाज बुडालंय."

"काय सांगायचं ते पाठीला सांग," बाप चालता चालता म्हणाला.

"पाठीला कान असतात का रे? माणसं पाण्यात आहेत, कॉर्नी. शेकड्यांनी."

ते थांबले, पण वळले नाहीत. मग तशीच, पाठमोरी, चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, घरी जाऊन चुलीच्या लोखंडी चिमट्याला हात लावून येऊ, म्हणजे दोष जातो. दुसरा म्हणाला, आधी हे ठरवा की बचावाची होडी मासेमारीत धरायची की नाही. तिसऱ्याला पाद्र्याला विचारायचं होतं. तिकडे माणसं बुडत होती आणि इकडे आमचे वीर चिमट्यावरून भांडत होते. शेवटी सगळे खरोखरच घरोघर जाऊन चिमटे शिवून आले. आमचा बाप तर दोनदा शिवला.

होडी पाण्यात ढकलली, तर एक वल्हेकरी कमी. तो मेहुण्याच्या मयताला गेला होता.

"मी बसते," काकू म्हणाली.

"लाल बाई? होडीत?"

"अपशकुन वाटेत भेटणारीचा आहे ना? सोबत येणारीबद्दल तुमचे आजे काही बोलून गेलेत का?"

सगळ्यांनी आठवून पाहिलं. आजे काहीच बोलले नव्हते.

तिला पार पुढच्या फळीवर बसवलं. वल्हं मारणारे मागे तोंड करून बसतात, त्यामुळे तिचं दर्शन कुणाला होणार नव्हतं. पुढे तोंड असतं ते फक्त सुकाणूवरच्या तांडेलाचं. वारा नव्हता, शीड कुचकामी होतं. त्या दुपारी आमचा बाप नाकासमोर लाल केस बघत होडी हाकत होता. देवालाही थट्टा कळते, असं माझं मत तेव्हापासून झालं.

पोहोचले ते वरातीमागून घोडं. जिवंत माणसं दुसऱ्या बोटींनी उचलली होती. राहिलेली तरंगत होती. बाप त्याबद्दल कधीच बोलला नाही, जे कळलं ते काकूकडून. एका उलट्या नावेला एक लहान मुलगी चिकटलेली होती, तिने डोळे उघडले. काकूने तिला आत ओढलं, तर तिने काकूची वेणीच मुठीत धरली. मग काकू वल्हं सोडून तिला मांडीवर घेऊन बापाच्या पायाशी बसली. बापाने अंगातला लोकरी सदरा काढून मुलीवर घातला. दूनीनचे दिवे दिसू लागले आणि मुलगी गेली.

"थोडं आधी आलो असतो तर," बाप म्हणाला.

काकूने सदरा मुलीच्या हनुवटीपर्यंत ओढला.

धक्क्यावर मुलीची मूठ उघडेना. कुणीतरी बोटं सोडवायला पुढे झालं.

"तिच्या बोटांना हात लावू नका," काकू म्हणाली. "कॉर्नी, सुरी काढ. वेणी काप."

बापाने कापली. मुलगी वेणी हातात धरूनच पुरली गेली. तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

काकूचे केस पुन्हा वाढले, तेवढेच लाल. आमचे कोळी सुधारले असं मात्र समजू नका. शेजारच्या गावची लाल केसांची टपालवाली दिसली की अजून पाठ फिरवतात. फक्त काकूच्या बाबतीत कायदा उलटा झाला. बोटीकडे जाताना बाप रोज तिचं दार वाजवायचा.

"अबायना, बाहेर ये गं. तू दिसल्याशिवाय कुणी होडीत पाय ठेवत नाहीये."

"थांबा," काकू आतून म्हणायची. "त्या दिवशी चिमटे शिवण्यात घालवलात, तेवढा वेळ थांबा."

ते टोप्या हातात घेऊन दाराशी उभे राहायचे. भरती निघून जायची, तरी कुणी हूं की चूं करत नसे.