मागच्या सीटवरचे गजाननभाऊ

गजाननभाऊ अनवाणी गाडी चालवत. आमच्या पिपरी मेघेच्या घरी पहिल्या दिवशी आले, तेव्हा त्यांनी चपला फाटकाशी काढल्या आणि तसेच गाडीत जाऊन बसले. विसरले असतील म्हणून मी त्या उचलून खिडकीशी नेल्या.

"राहू द्या तिथंच, बाई. तळव्याले इंजिन कळते. चपलेले काय कळते?"

पुढची अकरा वर्षं त्यांनी आमची गाडी चालवली. व्हिडिओ कॉलवर ते तुम्हांला कधी दिसले नाहीत. फोन समोर धरला की ते बागेला पाणी घालायला निघून जात. म्हणून हे लिहिते आहे, मुलांनो.

माणूस किडकिडीत, खांद्यावर दुपट्टा. इतरांच्या खिशाला पेन असतो, तिथे यांच्या खिशाला टायरची हवा मोजायची नळी. रोज सकाळी चारही टायरची हवा बघत आणि मला सांगत. मी ती लिहून ठेवत असे. मला नोंदी ठेवायची सवय आहे, हे तुमच्या बाबांनी तुम्हांला सांगितलंच असेल.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमच्याकडे जुनी छोटी गाडी होती. दवाखान्यातून घरी येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला ते कळवळले. त्यानंतर त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली, तरी भीती जाईना. तिकडे अल्लीपूरला त्यांची थोरली बहीण, आक्का. नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. दोघं रोज फोनवर बोलत आणि शेवटी आक्का विचारत, "कधी येतं रे बाबू?" आजोबा म्हणत, "येतो, येतो." आठ महिने हेच चाललं होतं. एके दिवशी फोन ठेवून ते म्हणाले, "आता तिची-माझी भेट काही होत नाही." त्याच दिवशी मी ठरवलं, आरामशीर, मोठी गाडी घ्यायची.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागले. दोन सेडान निवडल्या, एक पांढरी, एक करडी. वहीत तक्ता आखला. मायलेज, डिकी, एअरबॅग, सीटची रुंदी, सगळ्याला गुण दिले. पांढरी लिटरमागे तीन किलोमीटर जास्त देत होती आणि बाकी फारसा फरक नव्हता. पांढरी जिंकली. गजाननभाऊंनी ओळीओळीवर बोट ठेवत तक्ता वाचला. आजोबांना ते 'सर' म्हणत.

"समदं बरोबर हाय, बाई. पण याच्यात सर कुठी बसले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पांढऱ्या गाडीच्या शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीनं किल्ली त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. "तुमी चालवा. मी सर होतो." दुपट्ट्याची घडी डोक्याखाली घेऊन ते मागच्या सीटवर गुडघे दुमडून चक्क आडवे झाले आणि डोळे मिटले. ती मुलगी माझ्या शेजारी बसली होती, गोंधळली.

"काका, असं झोपून कोणी टेस्ट ड्राइव्ह घेत नाही हो!"

"म्हणूनच लोकं फसून राह्यले, पोरी."

गावाबाहेरच्या रस्त्याला लागलो. आपल्याकडे खाली काळी माती, ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यामुळे वरचं डांबर लाटांसारखं होतं. मला गाडी झकास वाटली. तसं म्हणालेही. मागून आवाज आला, "तुमाले रस्ता दिसते, स्टिअरिंग हाती हाय, तुमचं आंग आधीच तयार होते. सराले मागं काई दिसत नाई. इकडं येऊन पाहा."

मग ते चालवायला बसले आणि एकोणसत्तर वर्षांची मी साडी सावरून मागे आडवी झाले. मुलगी बिचारी खिडकीबाहेर बघत राहिली. पहिल्या ब्रेकरला कंबर सीटवरून उचलली गेली. दुसऱ्याचा दणका थेट मानेपर्यंत आला. आजोबा आठ महिने काय सांगत होते, ते मला तेव्हा कळलं.

करड्या गाडीतही तसंच आडवं होऊन पाहिलं. "पाहा बाई, एकदा दबली, एकदा उठली, चूप बसली. हेच गाडी सरांची."

"आणि ते तीन किलोमीटर?"

"ते माह्याकडं लागले."

तेही त्यांनी मनावर घेतलं. लांबवर गुरं रस्ता ओलांडताना दिसली की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय वर, गाडी आपली आपण मंदावायची. "ब्रेक मारला म्हंजे ज्या पेट्रोलनं गाडी पळवली, ते मातीत गेलं." दर वेळी एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरून मी हिशेब काढत असे. सहा महिन्यांत फरक एका किलोमीटरवर आला. "तो एक तुमच्या वहीले राहू द्या," ते म्हणाले.

करडी गाडी घरी आली, त्याच आठवड्यात अल्लीपूरला निघालो. आजोबांनी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं, डोळे घट्ट मिटलेले. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "ब्रेकर आला नाही का रे अजून, गजानन?"

"तीन गेले, सर."

हँडलवरचा एक हात सुटला. थोड्या वेळानं दुसरा. आक्कांनी भावाला जवळ बसवून त्याच्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला. त्यानंतर दर पंधरवड्याला जाणं सुरू झालं, ते अजून चालू आहे.

या वर्षी गजाननभाऊंना डाव्या डोळ्यानं कमी दिसू लागलं. मला काही कळायच्या आत त्यांनीच किल्ली परत आणून दिली. त्यांची लेक अल्लीपूरलाच असते. तिच्याकडे त्यांना पोचवायला आम्ही निघालो, तेव्हा ते पहिल्यांदाच चपला घालून गाडीत बसले, मागे, आजोबांच्या शेजारी. मी फाटकाशी माझ्या चपला काढल्या आणि चालवायला बसले.

आरशात बघितलं तर दोघंही झोपलेले. मी खूश झाले. लेकीच्या दारात गाडी थांबवली, तर गजाननभाऊंचे डोळे टक्क उघडे.

"अकरा वेळा ब्रेक मारला, बाई. त्यातले चार लागत नोते."

मग शेजारी घोरणाऱ्या आजोबांकडे बघून ते हळूच म्हणाले, "पण सरांची झोप मोडली नाई. जमलं तुमाले."